उमेदवाराकडून तारीख कशी घ्यायची: स्त्रियांवरील हिंसेचा प्रश्न निवडणुकीत लावून धरताना

कुठल्याही उमेदवाराला विचारा, 'स्त्रियांवर होणाऱ्या हिंसेबद्दल तुमची भूमिका काय?' उत्तर ठरलेलं असतं. 'महिलांची सुरक्षा आमच्यासाठी सर्वांत आधी.' टाळ्या पडतात आणि माईक पुढच्या माणसाकडे जातो. हिंसेच्या बाजूनं मतं मागणारा उमेदवार मी तरी अजून पाहिलेला नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. ज्या गोष्टीला कुणाचाच विरोध नाही, तिच्यावरून कुणी निवडून येत नाही की पडत नाही. रस्त्याचं तसं नसतं. रस्त्याबद्दल लोक विचारतात, कुठला, कुठून कुठपर्यंत, कधी होणार, मागच्या वेळी का झाला नाही. हिंसेबद्दलही इतक्याच रोखठोकपणे विचारायला शिकायचं आहे.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच असं काही करणाऱ्यांसाठी आहे. चार-पाच जणींचा गट, जवळ पैसा नाही, राजकारणाचा अनुभव नाही, असं धरून लिहिलं आहे. तेवढ्या भांडवलावर बरंच काही होतं.

आधी शंका: यानं काही होतं का?

होतं. पण आपोआप होत नाही.

१९७५ ते २००५ या काळातल्या ७० देशांचा एक मोठा अभ्यास आहे. स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध सरकारं कुठे जास्त पावलं उचलतात आणि का, हे त्यात तपासलं होतं. देश किती श्रीमंत आहे किंवा संसदेत किती बायका आहेत, यांपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली: सरकारबाहेर, स्वतंत्रपणे उभी असलेली स्त्री-चळवळ. म्हणजे आत कोण बसलंय याहून दारावर कोण थाप मारतंय याला वजन जास्त. निवडणुकीत ते दार काही आठवडे उघडं असतं, इतकंच.

स्पेनमध्ये मार्च २००४ मध्ये सत्ताबदल झाला. हिंसाविरोधी कायदा करू, हे जिंकलेल्या पक्षाचं प्रचारातलं वचन होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो कायदा संसदेत एकमतानं मंजूर झाला आणि त्यातून या खटल्यांसाठी वेगळी न्यायालयं आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची गोष्ट तर पायरीपायरीनं समजून घ्यावी अशी आहे. तिच्याकडे मी पुन्हापुन्हा येणार आहे.

दिवस मागून मोजा

नवख्या गटांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रचार रंगात आल्यावर जागं होणं. तोवर जाहीरनामे छापून झालेले असतात. उमेदवार दिवसाला दहा सभा करत असतो, त्याला तुमचा कागद वाचायला वेळ नसतो आणि वाचला तरी पक्षाला विचारल्याशिवाय त्याला शब्द देता येत नाही.

व्हिक्टोरियात मतदान झालं २९ नोव्हेंबर २०१४ ला. कौटुंबिक हिंसेवर सर्वोच्च अधिकारांचा चौकशी आयोग नेमू, हे वचन विरोधी पक्षानं दिलं होतं त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे सहा महिने आधी. त्या वर्षी फेब्रुवारीत ल्यूक बॅटी या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या बापानं मारलं होतं आणि त्याची आई रोझी बॅटी गप्प न बसता व्यवस्थेतल्या चुका जाहीरपणे सांगत राहिली होती. तेव्हा मतदानाच्या तारखेपासून मागे मोजा. सहा-आठ महिने आधी माहिती गोळा करणं, पाच-सहा महिने आधी मागणी लिहून जाहीरनामा लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवणं (प्रत्येक पक्षात हे काम कुणीतरी दोन-तीन माणसं करत असतात, ती शोधा), शेवटच्या दोन महिन्यांत उमेदवार. उशीर झालाच असेल तर जाहीरनाम्याचा नाद सोडा आणि थेट उमेदवाराच्या सहीमागे लागा.

या पदाच्या हातात काय आहे?

नगरसेविकेकडे फौजदारी कायदा बदलण्याची मागणी केलीत तर ती आनंदानं 'हो' म्हणेल. तिला ते कधीच करावं लागणार नाही.

कुठल्या सभागृहाच्या ताब्यात काय आहे, ते देशागणिक बदलतं. ढोबळमानानं असं: स्थानिक संस्थेकडे दिवाबत्ती, सार्वजनिक वाहतूक, शौचालयं, पुष्कळदा निवारागृहाची जागा आणि समुपदेशन केंद्राचा खर्च. राज्य किंवा प्रांताकडे बहुतेक वेळा पोलिस, सरकारी दवाखाने, शाळा. राष्ट्रीय पातळीवर कायदे, आंतरराष्ट्रीय करार आणि मोठा पैसा. काही ठिकाणी आणखी वेगळं असतं. अमेरिकेत बऱ्याच भागांत सरकारी वकील आणि शेरीफसुद्धा (म्हणजे त्या भागाचा पोलिसप्रमुख) निवडून येतात, म्हणजे कुठला खटला लढवायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवणारा माणूसच तुमच्या दारी मत मागायला येतो. तुमच्याकडे असं एखादं दुर्लक्षित पद आहे का, ते बघा. ज्या पदाच्या निवडणुकीत कुणाला रस नसतो, तिथे पन्नास जणींचा आवाजही मोठा वाटतो.

एका संध्याकाळचं काम आहे. तुमच्या स्थानिक संस्थेचं मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक मिळवा आणि त्यात निवारागृह, हेल्पलाइन, समुपदेशन, कायदेशीर मदत हे शब्द शोधा. किती तरतूद केली आणि किती खर्च झाली, हे दोन आकडे वहीत उतरवा. तरतूद असूनही पैसा खर्चच झालेला नाही, असं आढळलं तर तुमची निम्मी मोहीम तयार आहे.

एका बाईची वाट कागदावर काढा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मागण्या डोक्यातून काढायच्या नसतात, त्या इथून निघतात.

एक मोठा कागद घ्या. वर लिहा: रात्री अकरा वाजता एका बाईला घराबाहेर काढलं, बरोबर दोन मुलं. आता पुढे काय होतं ते क्रमानं लिहीत जा. ती कुणाला फोन करते? तो फोन रात्री उचलला जातो का, आणि तिच्या भाषेत बोलणारं कुणी तिकडे असतं का? पोलिस किती वेळानं येतात? तक्रार लिहून घेतात की समजूत काढून परत पाठवतात? तपासणी करायला दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर असते का? निवारागृह किती लांब, जायचं कशानं? तिथे चौदा वर्षांच्या मुलाला आईबरोबर राहू देतात का? (कितीतरी ठिकाणी मोठ्या मुलग्यांना घेत नाहीत, आणि मग बाई मुलाला सोडायचं नाही म्हणून परत त्याच घरात जाते. हे मला एका निवारागृहाच्या अधीक्षिकेनं सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं.) संरक्षणाचा आदेश मिळायला किती दिवस लागतात? तो मोडला तर काय होतं? तीन महिन्यांनी ती कुठे राहते आणि काय कमावते? ती अपंग असेल, स्थलांतरित असेल, ट्रान्स असेल, तर यातल्या कुठल्या पायरीवर तिला दारच उघडलं जात नाही?

उत्तरं तुम्हाला ठाऊक नसतील. ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना विचारा: निवारागृहातल्या कर्मचारी, समुपदेशक, रात्रपाळीच्या परिचारिका, कौटुंबिक न्यायालयात फिरणाऱ्या वकील, पोलिस ठाण्यातल्या बायका. प्रत्येकीला एकच प्रश्न करा, 'तुमच्या इथे हे नेमकं कुठे अडतं?' चार-पाच मुलाखती झाल्या की तीच दोन-तीन ठिकाणं सगळ्यांच्या बोलण्यात येऊ लागतात. त्यांच्याभोवती लाल गोल करा.

हिंसा सोसलेल्या बायकांशी बोलायचं तर त्या स्वतःहून पुढं आल्यावर आणि ओळखीच्या समुपदेशकाच्या मध्यस्थीनं. त्यांच्याकडून हकिगत मागू नका, सल्ला मागा. 'तुमच्यावर काय गुदरलं' यापेक्षा 'तेव्हा काय असतं तर तुमची सुटका लवकर झाली असती' हा प्रश्न त्यांना माणूस म्हणून वागवतो, आणि तुम्हाला हवं असलेलं उत्तरही त्यातूनच मिळतं.

मागणी लिहिणं

आमच्या गटाची पहिली यादी सतरा मागण्यांची होती. एका उमेदवारानं ती घेतली, 'सगळं मान्य' म्हणाला, आमच्याबरोबर फोटो काढला आणि यादी आमच्याच टेबलावर विसरून गेला. त्यानंतर आम्ही तीनावर आलो.

तीन मागण्या पुरे. प्रत्येकीत किती, कुठे, कुणी आणि कधीपर्यंत, हे असायलाच हवं. 'निवारागृहांची संख्या वाढवा' ही इच्छा झाली. 'पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ३० कुटुंबांसाठी निवाऱ्याची तरतूद करा, मोठ्या मुलग्यांसह आईला प्रवेश द्या, आणि किती जागा भरल्या ते दर सहा महिन्यांनी सभागृहात सांगा' ही मागणी.

तीस हा आकडा कुठून आला? स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा युरोपीय करार, ज्याला इस्तंबूल करार म्हणतात, त्याच्या स्पष्टीकरणात एक मोजमाप दिलेलं आहे: दर १०,००० लोकसंख्येमागे निवारागृहात एका कुटुंबाची जागा, आणि दर २,००,००० लोकसंख्येमागे लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी एक मदत केंद्र. तुमच्या भागाची लोकसंख्या तीन लाख असेल तर तीस. तुमचा देश त्या करारात नसला तरी हा भागाकार करायला कुणाची परवानगी लागत नाही. 'हे तुम्ही कुठून आणलं?' या प्रश्नाला उत्तर तयार असलं की समोरच्याचा सूर बदलतो.

नवा कायदा मागण्याचा मोह होतो. आधी जुना बघा. अर्जेंटिनात २०१५ मध्ये 'नी उना मेनोस', म्हणजे 'एकही कमी नको', अशी हाक देऊन लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्यांत अग्रस्थानी होता २००९ साली झालेला कायदा: तो पूर्णपणे अमलात आणा, त्यात लिहिलेला राष्ट्रीय आराखडा प्रत्यक्षात करा. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे, पण कितीतरी ठिकाणी ते आधीच कामाखाली दबलेल्या दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असतं. 'हे पद पूर्णवेळ भरा' ही घोषणा म्हणून अगदीच नीरस आहे. फलकावर शोभत नाही. पण भरलेलं पद आणि रिकामं पद यांतला फरक त्या रात्री अकराच्या बाईला कळतो.

आता फाशीबद्दल. एखादी भयंकर घटना घडली की प्रचारात 'फाशी देऊ' हे हमखास येतं. उमेदवारांना ते आवडतं, कारण त्याला अंदाजपत्रकात एक पैसा लागत नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला. बलात्कारासाठी फाशीची शिफारस तिनं केली नाही, उलट पोलिसांची जबाबदारी, तपासाची पद्धत, वैद्यकीय तपासणी यांवर पानंच्या पानं लिहिली. तुमचा उमेदवार शिक्षेवर घसरला तर वाद घालत बसू नका. 'शिक्षा न्यायालय देईल. पण खटला तिथपर्यंत पोचायला हवा, त्यासाठी तुम्ही काय करणार?' असं विचारून त्याला परत तुमच्या कागदावर आणा.

एक सापळा आकड्यांचाही आहे. 'पाच वर्षांत गुन्हे निम्म्यावर आणा' अशी मागणी कधीही करू नका. गुन्हे कमी नोंदवणं हे गुन्हे कमी करण्यापेक्षा फार सोपं असतं. भारतात पंचायतींमध्ये स्त्रियांना आरक्षण मिळाल्यानंतर काय झालं, याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची नोंद सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अभ्यासकांच्या मते हिंसा वाढली नव्हती, बायका तक्रार करू लागल्या होत्या आणि तक्रार लिहून घेतली जाऊ लागली होती. म्हणून सेवेची मोजणी मागा: किती फोन उचलले, किती जागा उपलब्ध होत्या, आदेश किती दिवसांत मिळाला.

नियम तपासा

कंटाळवाणं पण टाळू नका. तुमचा गट नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर बऱ्याच देशांत एखाद्या उमेदवाराला पाठिंबा देण्याची तुम्हाला मनाई असते. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्यानं पक्षाबाहेरच्या गटांच्या प्रचारखर्चावरची बंधनंही आणखी कडक झाली. सगळ्या उमेदवारांना तोच प्रश्न, त्याच दिवशी, त्याच मुदतीसह विचारणं आणि उत्तरं जशीच्या तशी छापणं, हा सगळीकडे साधारण चालणारा सुरक्षित मार्ग. तरी निवडणूक आयोगाची नियमावली वाचा आणि एखाद्या वकिलाला अर्धा तास विचारा.

उमेदवाराची गाठ

पत्र एका पानाचं असू द्या. वर तीन मागण्या. प्रत्येकीपुढे तीन चौकोन: मान्य, अमान्य, बदल करून मान्य (बदल लिहा). खाली सही आणि तारीख. 'या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमच्या नावापुढे "उत्तर नाही" असं छापू', हे वाक्य सभ्य शब्दांत पण ठळक अक्षरांत. उत्तरं येण्याचं प्रमाण याच एका ओळीनं बदलतं, कारण प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे तीन 'मान्य' आणि आपल्यापुढे रिकामी ओळ हे कुठल्याच प्रचारप्रमुखाला परवडत नाही.

सहीवर अडून बसायचं कारण अर्जेंटिनाच्याच बायकांनी दाखवून दिलं. मोर्च्याआधी 'नी उना मेनोस'चा फलक हातात धरून फोटो काढून घ्यायला सगळ्या पक्षांचे नेते पुढे आले. ते वर्ष निवडणुकीचं होतं. संयोजक बायकांनी मग पुढची हाक दिली: फोटोवरून सहीवर या. हसत फलक धरणं सोपं असतं, लेखी मुद्द्यांखाली नाव घालताना मात्र माणूस वाचून बघतो.

भेटीला तिघी जा. एक बोलेल, एक लिहून घेईल, तिसरी घड्याळ आणि समोरच्याचा चेहरा बघेल. संभाषण साधारण असं होतं.

'ताई, तुमच्या तिन्ही मागण्यांना माझा पाठिंबा आहेच.'

'आभारी आहोत. मग निवारागृहाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात धराल ना?'

'ते बघावं लागेल. निधीचा प्रश्न असतो.'

'मागच्या वर्षी या खात्यात इतकी तरतूद होती, त्यातली एवढी खर्चच झाली नाही. आकडे हे बघा.'

'असं आहे का? मला हे ठाऊक नव्हतं.'

'मग पहिल्या मागणीपुढे "मान्य" लिहू की "बदल करून"?'

इथे गप्प बसायचं. शांतता भरून काढायची घाई समोरच्याला होऊ द्या. पहिल्या भेटीत बहुतेक जण सही करत नाहीत, 'पक्षाला विचारतो' म्हणतात. ठीक. 'कधी कळवाल?' ही तारीख वहीत लिहा आणि त्या दिवशी सकाळी फोन करा. निवडून यायची शक्यता नसलेल्या उमेदवारांनाही भेटा. ते लवकर सही करतात, आणि त्यांच्या सहीमुळे मोठ्यांची पंचाईत होते.

उत्तरं आली की मोठ्या तक्त्यात लावा आणि बाया जिथे वाट बघत बसतात तिथे पोचवा: दवाखाना, शाळेचं फाटक, बसथांबा. हा तक्ता बनवताना स्वतःचं एकही विशेषण घालू नका.

सभा आणि चर्चा

सर्व उमेदवारांना एका मंचावर आणता आलं तर उत्तम. नाही आणता आलं तरी मोहीम फसली असं नाही. कॅनडात १९८४ साली तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी केवळ स्त्रियांच्या प्रश्नांवर जाहीर चर्चा केली होती. २०१५ मध्ये संस्थांच्या मोठ्या आघाडीनं तशीच चर्चा पुन्हा घडवायचं ठरवलं, पण ती जमली नाही. त्यांनी मग नेत्यांच्या एकेकट्या मुलाखती घेऊन त्याच दाखवल्या. पंतप्रधान हार्पर त्यांनाही आले नाहीत, आणि तेही सगळ्यांना दिसलं. त्याच निवडणुकीत बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांबद्दल राष्ट्रीय चौकशीचं वचन मिळालं, चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या अहवालात २३१ मागण्या मांडल्या गेल्या.

दुसऱ्यांच्या सभेत प्रश्न विचारायचा असेल तर तो वीस सेकंदांत संपला पाहिजे. पाठ करा, आरशासमोर म्हणा. प्रस्तावना केलीत की माईक गेला. तिघी वेगवेगळ्या जागी बसा, तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊ द्या. आणि एकदा तरी तो पुरुषाला विचारू द्या. 'बायकांचा प्रश्न' म्हणून बाजूला सारायची सवय असलेल्या मंचावर त्याचा परिणाम मजेशीर होतो.

खुद्द उमेदवाराचं काय?

मेक्सिकोतल्या स्त्रीवादी गटांनी 'तीनपैकी तीन' अशी मोहीम काढली. उमेदवार कौटुंबिक हिंसेत दोषी नाही, लैंगिक गुन्ह्यात दोषी नाही आणि मुलांची पोटगी थकवलेला नाही, या तीन अटी. २०२० मध्ये तिथल्या निवडणूक संस्थेनं हे प्रतिज्ञापत्र पक्षांच्या उमेदवारांना लागू केलं आणि २०२३ मध्ये ते संविधानात गेलं. पोटगीची अट त्यात घालणाऱ्या बाईला मी मनोमन सलाम करते.

तुमच्याकडे असा नियम नसला तरी प्रश्न विचारता येतो, सर्वांना सारखा. भारतात २००३ पासून उमेदवाराला आपल्यावरचे फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागतात आणि ते कुणालाही वाचता येतं. इतर अनेक देशांतही न्यायालयाच्या नोंदी खुल्या असतात. मर्यादा एकच, आणि ती कडक आहे: सरकारी कागदावर जे आहे तेवढंच बोला. 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून काही छापलंत तर बदनामीचा खटला तुमच्यावर येईल. शिवाय त्या घरातल्या बाईला न विचारता तुम्ही तिची गोष्ट चव्हाट्यावर आणलेली असेल.

स्वतःची काळजी

हा विषय घेऊन बोलणाऱ्या बाईवर शिव्या आणि धमक्या येतात, हे गृहीत धरा. आंतर-संसदीय संघानं २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांशी बोलून पाहणी केली, त्यातल्या ८१.८ टक्के जणींनी मानसिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. बोलिव्हियात राजकारणातल्या स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१२ मध्ये वेगळा कायदा झाला, तो हुआना किस्पे या नगरसेविकेच्या हत्येनंतर. निवडून आलेल्यांची ही गत, तर तुम्हीही तयारीत असा. मोहिमेसाठी वेगळा फोन नंबर, पत्रकावर कुणाच्याही घरचा पत्ता नाही, धमक्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला एक ठरलेली व्यक्ती, रात्री सभेहून एकटीनं परतायचं नाही.

दुसरं जास्त नाजूक आहे. जगात दर तीन स्त्रियांमागे साधारण एकीनं आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेली असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या पाच जणींच्या गटातही. दारोदार फिरताना एखादी बाई दार अर्धवट उघडून कुजबुजत बोलेल. घरात कोण आहे ते तुम्हाला माहीत नसतं. अशा वेळी प्रचार बंद. हेल्पलाइनचा नंबर हातात देता येईल असा, पण ज्याच्यावर 'हिंसा' हा शब्द ठळक छापलेला नाही असा लहान कागद जवळ ठेवा. नाव लिहून घेऊ नका. फोटो तर नाहीच.

निकाल लागला, आता खरं काम

जिंकलेल्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात अभिनंदनाचं पत्र पाठवा, सोबत सही केलेल्या पानाची प्रत. हरलेल्यांनाही त्यांची प्रत पाठवा, कारण आता ते विरोधी बाकावर आहेत आणि त्यांना विचारायला प्रश्न हवे आहेत. जुन्या मंडळींचा अनुभव असा की मोहिमेतल्या निम्म्या बायका मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात आणि ते बरोबरच आहे. पुढच्या कामाला दोघी-तिघी पुरतात, पण त्या कोण, हे मतदानाआधी ठरवा.

व्हिक्टोरियातल्या वचनाचं पुढे काय झालं ते बघा. नव्या सरकारनं फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोग नेमला, मार्च २०१६ मध्ये अहवाल आला, त्यात २२७ शिफारशी होत्या आणि सरकारनं सगळ्या स्वीकारल्या. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की अंमलबजावणीवर नजर ठेवायला कायद्यानं एक स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला. तो दरवर्षी काय झालं आणि काय राहिलं ते संसदेपुढे मांडायचा. सगळ्या शिफारशी अमलात आल्याचं सरकारनं जाहीर केलं २०२३ मध्ये. सहा महिन्यांच्या मागणीमागे आठ वर्षांचा पाठपुरावा.

मिळालेलं जातंही. ज्या कराराच्या नावातच इस्तंबूल आहे, त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश तुर्कस्तान होता. मार्च २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एक आदेश काढला आणि जुलैत तो देश करारातून बाहेर पडला. म्हणून 'मान्य' झालेल्या मागण्याही वहीतून खोडू नका, त्यांच्यापुढे 'अजून चालू आहे का?' हा रकाना ठेवा.

वहीत सर्वांत आधी लिहायच्या तीन तारखा: शपथविधी, पहिलं अंदाजपत्रक, आणि त्याच्या सहा आठवडे आधीचा दिवस. अंदाजपत्रक मांडलं जातं तेव्हा ते बदलण्याची वेळ निघून गेलेली असते, आकडे त्याआधी खात्यांमध्ये ठरतात. त्या सहा आठवड्यांत अधिकाऱ्याला भेटा, मंत्र्याला किंवा सभापतीला नव्हे. अधिकारी बदलून गेला असेल तर नव्याला सगळी कागदपत्रं पुन्हा द्या, वैतागू नका. आणि वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमची एकमेव वही एकदा बसमध्ये राहिली आणि अकरा उमेदवारांच्या सह्या तिच्याबरोबर गेल्या.